चहा महागला नव्हता

महोदय,

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 250 वर्षे झाल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख वाचनीय आहे. मात्र ‘इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला म्हणून बॉस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला’ हे त्यातील विधान बरोबर नाही. शाळेत इतिहास शिकवताना मीही कित्येक वर्षे हेच सांगत आलो, त्यामुळे ही दुरुस्ती जरा सविस्तर करतो.

1773 च्या चहा कायद्याने करात एका पेनीचीही वाढ झाली नव्हती. पौंडामागे तीन पेन्सचा कर 1767 पासूनच होता आणि 1770 मध्ये काच, कागद, रंग यांवरचे कर उठवताना इंग्लंडच्या पार्लमेंटने तेवढा मुद्दाम ठेवला होता. ईस्ट इंडिया कंपनी त्या सुमारास डबघाईला आली होती आणि लंडनच्या गोदामांत तिचा चहा साचून पडला होता. (हा चहा चीनचा, आसामचे मळे तेव्हा अस्तित्वातही नव्हते.) तो खपावा म्हणून इंग्लंडमध्ये भरलेली जकात कंपनीला परत मिळू लागली आणि लंडनच्या लिलावातले व्यापारी वगळून आपल्या अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत माल विकण्याची मुभाही तिला देण्यात आली. परिणामी कंपनीचा चहा हॉलंडहून चोरून येणाऱ्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. चोरट्या व्यापारावर गबर झालेल्यांच्या पोटात यामुळे गोळा आला, हे खरेच; शिवाय बॉस्टनच्या अडत्यांत खुद्द गव्हर्नर हचिन्सन यांचे मुलगे होते. तरीही 16 डिसेंबर 1773 च्या रात्री तीन जहाजांवरच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या, त्यामागचे कारण एवढ्याने पुरे होत नाही. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींनी तो स्वस्त चहा घेतला असता, तर आपल्यावर कर बसवण्याचा पार्लमेंटचा अधिकार मुकाट्याने मान्य केल्यासारखे झाले असते.

या अधिकाराचा वाद सुरू झाला तो 1765 च्या मुद्रांक कायद्यापासून, ज्यात न्यायालयीन कागदपत्रे, पंचांगे, पत्ते आणि (आपल्याला विशेष रस वाटेल म्हणून सांगतो) वर्तमानपत्रेही सापडली होती. इंग्लंडची बाजू अगदीच पोकळ नव्हती. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धात राष्ट्रीय कर्ज जवळपास दुप्पट झाले होते, त्या युद्धाचा लाभ वसाहतींना मिळाला होता आणि असाच मुद्रांक कर इंग्लंडमधले लोक स्वतः आधीपासून भरत होते. मात्र ऑक्टोबर 1765 मध्ये न्यूयॉर्कला जमलेल्या नऊ वसाहतींच्या प्रतिनिधींनी ठरावात स्पष्टच म्हटले की, पार्लमेंटमध्ये आमचे प्रतिनिधी नाहीत आणि एवढ्या अंतरावरून ते असणेही शक्य नाही. तेव्हा आमच्यावर कर बसवतील त्या आमच्याच विधानसभा. म्हणजे लंडनमध्ये चार जागा देऊन मिटेल असा हा वाद नव्हताच.

त्याच 1765 च्या ऑगस्टमध्ये अलाहाबादच्या तहाने कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे तिथला महसूल वसूल करण्याचा अधिकार, मिळाली. तिथल्या रयतेला कोणी विचारले नाही. पुढे 1770 च्या दुष्काळात बंगालमध्ये काय झाले, याची वार्ता अमेरिकेपर्यंत पोहोचली होती आणि पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन यांनी 1773 मध्ये लिहिलेल्या पत्रकात कंपनीच्या तिथल्या कारभाराचाच दाखला देऊन आपल्या लोकांना सावध केले होते.

लेखातले दुसरे विधान, ‘4 जुलै 1776 रोजी एक राष्ट्र जन्माला आले’, हेही घाईचे वाटते. जाहीरनाम्यात ‘स्वतंत्र राज्ये’ असे अनेकवचन आहे आणि ते जाणूनबुजून आहे. 1781 मध्ये अमलात आलेल्या राज्यांच्या पहिल्या संघकरारात काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती सभेला, कर बसवण्याचा अधिकारच दिला नव्हता. पार्लमेंटचा जाच भोगलेल्यांनी तो आपल्याच सभेलाही नाकारला. काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागावेत आणि राज्यांनी टाळाटाळ करावी, असे चालले. सैनिकांचे पगार थकले. 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी, ज्यांत स्वातंत्र्ययुद्धावरून परतलेले अनेक होते, राज्याच्या करांविरुद्ध उठले आणि त्यांनी न्यायालये बंद पाडली. 1787 मध्ये फिलाडेल्फियात नवी राज्यघटना लिहिली गेली, ती या अनुभवातून. तिने काँग्रेसला कराचा अधिकार दिला आणि प्रतिनिधित्व व प्रत्यक्ष कर यांच्या हिशेबात गुलामांची गणना पाचांस तीन, म्हणजे पाच गुलाम मिळून तीन माणसे, अशी धरली. ‘प्रतिनिधी नाही तर कर नाही’ म्हणणाऱ्यांच्या देशात ज्यांना मतच नव्हते, त्यांच्या डोक्यांच्या जोरावर मालकांच्या राज्यांना जादा जागा मिळाल्या. याबद्दल लेखात एक वाक्यही नसावे, याचे नवल वाटते.

शेवटी एक छोटी पुरवणी. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचा उल्लेख लेखात 1781 मधील यॉर्कटाउनच्या शरणागतीपाशी संपतो. हेच गृहस्थ 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आले आणि 1793 मध्ये त्यांनी बंगालचा जमीनमहसूल कायमचा ठरवून टाकला. पुढील अंकात चहाच्या कराविषयीची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा