‘थोडंसंच लागलंय’ म्हणून घोडीला वरातीत उभी करू नका

माननीय संपादक,
स. न.

लग्नसराई सुरू झाली आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो. मी वडगाव बुद्रुकला राहतो. दारात दोन घोड्या आहेत. वडिलांचा पुणे स्टेशनवर टांगा होता. टांग्याचे दिवस गेले तसे आम्ही वरातीच्या घोड्यांकडे वळलो, आणि घर आजवर त्यावरच चाललं.

तेव्हा तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला होता. रात्री साडेअकराला धायरीहून वरात आटोपून पांढऱ्या घोडीला हातानं धरून घरी आणत होतो. रस्त्यात खोदाई चाललेली, कडेला पत्रे उभे केलेले. एका पत्र्याचा कोपरा बाहेर आलेला होता, तो अंधारात दिसला नाही. घोडी एकदम बिचकली आणि दोन पावलं मागे सरली. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर डाव्या पुढच्या पायाला, घोट्याच्या चार बोटं वर, दोन इंच लांब चीर. रक्त म्हणावं तर चार थेंब. सोबतचा पोरगा म्हणाला, “काका, काही नाही, हळद भरा, सकाळपर्यंत बसेल.”

माझ्या पोटात गोळा आला. कारण मी दहा वर्षांचा असताना वडिलांच्या टांग्याच्या घोड्याला असंच ‘काही नाही’ झालं होतं. खिळा घासला होता, ओरखडाच तो. पंधरा दिवसांनी तो घोडा चालेना. कान ताठ, शेपूट लाकडासारखं वर उभं, डोळ्यातला आतला पडदा सारखा बुबुळावर येई. समोर दाण्याची चंदी ठेवली तर हुंगायचा, पण तोंड उघडायचं नाही. धनुर्वात. तिसऱ्या दिवशी गेला. वडील दोन दिवस जेवले नाहीत. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, म्हणजे घोडा जिथे उभा राहतो तिथेच, आणि घोड्याइतका तो दुसऱ्या कुठल्याच पाळीव जनावराला चटकन धरत नाही. वर्षाची लस टोचलेली असली तरी तिला सहा महिने उलटून गेले असतील तर जखम झाल्यावर पुन्हा टोचून घ्यावी लागते. माझ्या घोडीला लस देऊन आठ महिने झाले होते.

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतं, हे लोकांना माहीत नाही. कातडी, तिच्याखाली नसा आणि मग हाड, एवढंच. आपण ज्याला नस म्हणतो ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तिथे बोटाला लागते. त्यामुळे मांडीवर वीतभर फाटलं तरी भरून येतं, पण पायाला खाली दोन इंच चिरलं तर नस किंवा सांधा उघडा पडला नाही ना, ते जाणकारानंच बघावं लागतं. जखमेतून पिवळसर, बुळबुळीत पाणी यायला लागलं तर सांध्यापर्यंत गेलं असं समजायचं आणि एक तासही थांबायचं नाही.

त्या रात्री हळद भरली नाही. नळाची पाइप लावून, धार बारीक ठेवून, वीस मिनिटं पायावर गार पाणी सोडलं. मग लिटरभर पाणी उकळून गार केलं, त्यात दीड छोटा चमचा मीठ घातलं आणि त्यानं जखम धुतली. भोवतीचे केस कापून घेतले. स्वच्छ गॉज ठेवून वर जाड कापसाचा थर आणि मग पट्टी. पट्टी सगळीकडे सारख्या ओढीनं बांधायची. कापूस पातळ आणि पट्टी आवळून बांधली तर नसेलाच इजा होते. ती चूक मी तरुणपणी करून बसलो आहे. डॉक्टर पहाटे सहाला आले. सांधा शाबूत, नस शाबूत. तीन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि वेदनेचं औषध त्यांनी वजन पाहून ठरवलं. आपल्या डब्यातली गोळी घोड्याला द्यायची नाही, पोटात अल्सर होतात.

आणखी एक चूक सांगतो, ती माझीच. बारा वर्षांपूर्वी एका घोड्याच्या मागच्या पायाच्या जखमेवर मी मोरचूद लावत राहिलो. खपली लवकर धरावी, एवढाच हेतू. जखम भरण्याऐवजी लाल दाणेदार मांस वर येत गेलं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. घोड्याच्या पायाच्या खालच्या भागात हे फार होतं. शेवटी डॉक्टरांनी ते सुरीनं कापून काढलं. त्या मांसात संवेदना नसते, घोडा हललाही नाही, पण रक्त भळाभळा आलं आणि आठ महिने तो ठाणावर उभा राहिला. हळद, चुना, मोरचूद, रॉकेल यांतलं काहीही लावू नका, असं मी आता आमच्या प्रत्येक घोडेवाल्याला सांगतो.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची एक वरात ठरलेली होती. मी सकाळीच फोन करून सांगितलं की घोडी जखमी आहे, पैसे परत देतो, दुसरी घोडी मिळवून देतो. दुसरी घोडी मिळत होती, पण ती तांबडी. तिकडून उत्तर आलं, “फोटोला पांढरीच पाहिजे. अर्धा किलोमीटर तर जायचंय. चालतीय ना ती?” मग लग्नघरचे वडीलधारे गृहस्थ स्वतः आले. मी घोडीला त्यांच्यासमोर सिमेंटच्या रस्त्यावर चार पावलं चालवून दाखवली. दुखरा पाय टेकला की ती मान वर उचलायची, चांगला टेकला की मान खाली. बघणाऱ्याला वाटतं ती डौलानं मान हलवतेय. घोडं आपल्या वजनातलं निम्म्याहून जास्त, शंभरातलं जवळजवळ साठ, पुढच्या दोन पायांवर पेलतं. त्यावर नवरदेव, खोगीर, फेटा-शेला, पुढे ढोल, मागे डीजे, पायाखाली फटाके. दचकून एकदा जोरानं पाय आपटला की टाके उसवणार. गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि तरी म्हणाले, “हजार रुपये जास्त घ्या.”

मी नाही म्हटलं. मला ते शक्य झालं, कारण दुसरी घोडी आहे आणि मुलगा नोकरीला आहे. ज्याच्या दारात एकच घोडी आहे, ज्यानं दाण्याचं आणि नालबंदाचं उधार ठेवलं आहे, तो हजार रुपयांना नाही कसं म्हणेल? तो पट्टीवर झालर बांधेल आणि घोडी उभी करेल. मी झालरीखालच्या अशा पट्ट्या पाहिल्या आहेत. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात जखमी जनावराला कामाला लावणं गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. घोडीच्या गळ्यात घालतात तो हारही त्याहून महाग असतो. त्यामुळे कायद्याच्या धाकानं हे थांबणार नाही, वरातीला घोडी ठरवणाऱ्यांनीच थांबवायला हवं. ठरवतानाच घरात विचारून घ्या: घोडी आजारी पडली तर बदली घोडी चालेल का, रंग दुसरा असला तरी? आणि वरातीच्या दिवशी मानेकडे बघा. दर पावलाला मान वरखाली होत असेल तर नवरदेवाला पायी चालू द्या. चार पावलं चालल्यानं त्याचा मान जात नाही.

घोडेवाल्या बांधवांना एवढंच सांगतो: राज्य शासनाच्या पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक तबेल्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. जखम झाल्यापासून पहिले सहा-आठ तास महत्त्वाचे असतात, टाके तेवढ्यात घालायचे असतात. आणि घोडं ठाणावर बसवलं की चंदी कमी करा, चारा आणि पाणी नको कमी करू. काम नसताना भरपूर दाणा दिला तर खुरांत दाह होतो, आणि दुखऱ्या पायाचा भार दुसऱ्यावर पडत असल्यानं चांगला पायही बिघडतो. रोज सकाळी दोन्ही पायांच्या खुरांवर तळहात ठेवा. एक गरम आणि एक गार लागला की गरम खुरात दाह सुरू झाला असं समजावं.

बाराव्या दिवशी टाके निघाले. त्यानंतर आठवडाभर मातीवर दहा-दहा मिनिटं हातानं चालवली, मग मुलाला नुसता पाठीवर बसवला. मान हलत नाही. चिरेच्या जागी अजून गुलाबी कातडी दिसते आणि केस यायला लागले आहेत. पुढची वरात तिला अजून दिलेली नाही.

आपला,
वरातीच्या घोड्यांचा एक मालक,
वडगाव बुद्रुक, पुणे