इतिहासातल्या माणसांपर्यंत जाणारा दोरा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात समाजविज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गात यंदा जे घडलं ते कळवते आहे, कारण पुढच्या कामाला आपल्या वाचकांची मदत हवी आहे.

१९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव, एवढं आमची मुलं घडाघडा म्हणतात. गुण पडतात, माणूस काही भेटत नाही. म्हणून भिंतीवर खाकी कागद लावला, मधोमध वर्गातल्या मुलांची नावं लिहिली आणि म्हटलं, आपल्यापासून निघा आणि माणसामागून माणूस जोडत गांधीजींपर्यंत पोचा. ज्यांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलं त्यांच्यात तांबडा दोरा, नुसती ऐकीव गोष्ट असेल तर पांढरा.

दुसऱ्याच दिवशी एक मुलगी प्रार्थनेआधी धावत आली. "बाई, आमच्या आज्जीचे बाबा गांधीजींना बघून आलते!" आजीचं माहेर येळ्ळूर. मधल्या सुट्टीत आम्ही फोन लावला. बाबा तेव्हा सात वर्षांचे, चुलत्याच्या खांद्यावर बसून अधिवेशनाला, बेळगावातल्या टिळकवाडीला गेलेले. भाषणातलं अक्षरही त्यांना आठवत नव्हतं. आठवत होती गर्दी, आणि येताना टॉवेलात बांधून आणलेले चिरमुरे. आजी हे सांगत होत्या तेव्हा सगळा वर्ग फोनभोवती गोळा झाला होता. मुलीने दोरा ओढला: ती, आजी, पणजोबा, गांधीजी. तीन दोरे, तिन्ही तांबडे. बराच वेळ ती गाठीवरचं बोट काढेना.

मग चढाओढच लागली. एकाच्या वडिलांनी पुण्यात भीमसेन जोशींना समोर बसून ऐकलेलं. भीमसेनजींचे गुरू कुंदगोळचे सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल त्यांच्याच शिष्या, आणि याच अधिवेशनात अकरा वर्षांच्या गंगूबाई गांधीजींसमोर गायल्या होत्या. आमच्या मुलांपेक्षा दोन वर्षांनी लहान! ट्रॅक्टरवर लागणाऱ्या अभंगापासून निघालेला दोरा कन्नड घरांतून फिरत त्या मांडवात पोचला. सीमाभागात राहणाऱ्या मुलांनी हे स्वतःच्या हाताने जोडलं, याचं मला फार मोल वाटतं.

सर्वांत जास्त दोरे आले ते हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांपाशी. ते अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष, पण त्याआधी टिळकांचे निष्ठावंत. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीगची सुरुवात बेळगावातच केली. पुस्तकात टिळक आणि गांधी दोन वेगळ्या धड्यांत आहेत. कागदावर मात्र त्यांच्यामध्ये एकच माणूस उभा राहिला, तोही आपल्या जिल्ह्यातला.

नंदगडच्या मुलाचं मात्र अडलं. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये त्याच्याच गावात फाशी दिलं. समाधी रोजच्या वाटेवरची, पण कोणाचीही आजी तिथवर पोचत नाही. तो हिरमुसला. मी त्याला पांढरा दोरा दिला आणि समजावलं की गाव माहीत असणं वेगळं, माणूस पाहिलेला असणं वेगळं. पुरावा म्हणजे काय हे मला फळ्यावर कधीच इतकं नीट शिकवता आलं नव्हतं.

'पोर्शन संपवा, दोरे कसले ओवता' असंही ऐकावं लागलं. या कामाला तीन तास लागले आणि नंतरचा स्वातंत्र्यलढ्याचा भाग मुलांनी आपणहून वाचून आणला. शिक्षण खात्याने प्रकल्पाच्या गुणांत अशा कामाला जागा द्यावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

आणि वाचकांना विनंती. ज्यांच्या घरात सत्तरी-ऐंशीतली माणसं आहेत त्यांनी एक संध्याकाळ नातवंडांना त्यांच्यापाशी बसवावं. आईवडिलांनी कोणाला पाहिलं, कुठे, किती साली, हे वहीत उतरवून घ्यावं. अधिवेशनातल्या स्वयंसेवकाचा फोटो, एखादा बिल्ला, जुनं पत्र माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या शाळेत एकदा दाखवून आणावं. आमच्या कागदाची उजवी बाजू अजून कोरी आहे.

आपली,
एक शिक्षिका, खानापूर तालुका