लेखनाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या मुलीस

चि. मुक्ता हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

लेखनाच्या अभ्यासक्रमाअखेर तू लिहिलेले टिपण आम्हाला वाचायला पाठवलेस, याचा मला किती आनंद झाला ते फोनवर सांगायचे राहून गेले. टिपणाविषयी बोलायचे सोडून मी तुझ्या जागरणाविषयीच बोलत राहिलो आणि तू ‘बरं’ म्हणून फोन ठेवलास. या पत्रात तो विषय काढायचा नाही, असे मी ठरवले आहे.

टिपणात तू तुझ्या लेखनाचा पहिला आणि शेवटचा खर्डा शेजारी शेजारी ठेवलास, हे फार चांगले केलेस. पहिल्याची सुरुवात ‘मानवी जीवनात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ अशी आहे. शाळेच्या निबंधात या वाक्यावर कुणाचेच काही अडत नाही. शेवटच्या खर्ड्यात त्या जागी तू लिहिले आहेस, ‘वर्गात शंका विचारणारे ठरावीक पाच-सहा जण असतात; बाकीच्यांच्या शंका तास सुटल्यावर जिन्यात ऐकू येतात.’ मी हे आईला मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की जिन्यात बोलणाऱ्यांत आपली मुक्ता असणारच. मधले दीड पान चांगले जमले होते, तुला आवडतही होते, तरी मुद्द्याला धरून नाही म्हणून तू ते काढून टाकलेस. एवढा निर्दयपणा मला या वयातही जमत नाही. मात्र ते पान कधी खोडलेस तेही तू लिहून ठेवले आहेस: पहाटे चार वाजता. काम रात्रीच नीट होते, असे नंदूकाकाही म्हणत असत. पुढचे तुला ठाऊक आहे.

वर्गमैत्रिणीने समासात ‘इथे तुला नक्की काय म्हणायचे आहे?’ असे लिहिले आणि आधी राग येऊनही तू तो परिच्छेद नव्याने लिहिलास, हे वाचताना मला तुझी चौथीतली वही आठवली. बाईंनी ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर लाल खुणा केल्या म्हणून ती तू कपाटामागे टाकली होतीस आणि घराला रंग देताना ती सापडली, तेव्हा ती आपली नाहीच असे तू ठामपणे सांगितले होतेस, वर नाव असतानाही! तुमच्या प्राध्यापिका पहिल्या खर्ड्यात फक्त विचार तपासतात आणि शुद्धलेखन शेवटी पाहतात, हे मला आधी पटले नव्हते. पण जो परिच्छेद पुढे काढूनच टाकायचा, त्याच्या वेलांट्या सुधारण्यात वेळ का घालवायचा, हे तुझे म्हणणे रास्त आहे. तेवढीच झोप मिळते. पुन्हा तेच आले, क्षमा कर.

संदर्भसूचीतील स्वल्पविरामांवर तू जो वैताग काढला आहेस, तो वाचून मी थोडी चौकशी केली. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेची ती पद्धत १९२९ साली सात पानांच्या एका लेखातून सुरू झाली आणि आज तिचे चारशेहून अधिक पानांचे पुस्तक झाले आहे. मंडळी सात पानांवर थांबली असती, तर तू वेळेवर झोपली असतीस. तरीही दुसऱ्याचा विचार कुठून घेतला ते वाचकाला शोधता यावे, म्हणूनच हा खटाटोप आहे, हे तू स्वतःच लिहिले आहेस आणि ते मला मान्य आहे.

पुढच्या सत्रात प्रकल्प आहे, तेव्हा पहिला खर्डा लवकर लिही, तो एक दिवस बाजूला ठेव, मग मोठ्याने वाच. अडखळशील तिथे विचारच अर्धवट आहे असे समज. आणि शेवटची मुदत दुसऱ्या दिवशीची असली तरी रात्री अकरानंतर संगणक बंद कर, कारण थकलेल्या डोळ्यांना स्वतःच्या चुका दिसत नाहीत आणि प्रकृती एकदा बिघडली की… हे व्याख्यान झाले. अभ्यासक्रम तू पूर्ण केला आहेस, मी नाही. खोडण्यासारखे वाटेल ते खुशाल खोड.

तुझे टिपण नंदूकाकांना वाचायचे आहे. तुझी परवानगी असेल तरच पाठवीन. वाचल्यावर ते मला पहाटे चारचे विचारणारच, तेव्हा त्यांना काय सांगायचे तेही कळव.

तुझे
बाबा