स्पेशल एडिशन गाडीच्या खालूनही दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या वाहन पुरवणीत त्या नव्या ऑफरोड एसयूव्हीच्या स्पेशल एडिशनवर पानभर आलंय ते मी दोनदा वाचलं. फोटो झकास आहेत, पण सगळं वाचून झालं तरी यात स्पेशल काय आहे ते काही कळलं नाही. मॅट कलर, बॉनेटवर डोंगराचा स्टिकर, काळे अलॉय, सीटला केशरी शिलाई आणि डॅशबोर्डवर गाडीचा नंबर कोरलेली पट्टी. बास. लॉकर, म्हणजे एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा, आहे की नाही, टायर कुठले, गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, यातलं एक अक्षर नाही. मी बरीच वर्षं फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्या, चालवतोय, या गाड्यांवर जीव आहे माझा, म्हणून राहवलं नाही आणि लिहायला बसलो.

एक प्रसंग सांगतो. आम्ही चार-पाच जण गाड्या घेऊन गेलो होतो, त्यात एकाची नवी कोरी स्पेशल एडिशन होती आणि दुसऱ्याची त्याच मॉडेलची जुनी, साधी, पण मागच्या ॲक्सलला लॉकर असलेली. वाटेत पाण्याने कापलेली एक घळ तिरकी पार करायची होती. नवी गाडी आधी घातली, निम्म्यात गेल्यावर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उचललं गेलं आणि ती दोन चाकं हवेत नुसती गरागरा फिरायला लागली, जमिनीवर होती ती दोन मात्र ढिम्म. थोडी मागे घेऊन परत रेटली तर बाजूचा चकचकीत फूटस्टेप दगडावर बसला, वाकून वर आला आणि दारच उघडेना. मालक खिडकीतून बाहेर आला. बिचारा काही बोलला नाही, वाकलेल्या फूटस्टेपवरून नुसता हात फिरवत उभा राहिला, ते अजून डोळ्यासमोर आहे. मग ती मागे ओढून काढली आणि जुनी गाडी त्याच जागी घातली, तिचीही चाकं तशीच उचलली, पण बटण दाबलं, डॅशवरचा दिवा दोन-तीनदा लुकलुकला, खालून टक्क असा आवाज आला आणि गाडी माणूस चालतो त्या वेगाने आरामात पलीकडे गेली.

कारण साधं आहे. साधं डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या दोन चाकांना जोर वाटून देणारी गिअरपेटी, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, त्यामुळे एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही आणि मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही. लॉकर दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकतो, एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं. आता काही जण म्हणतील ट्रॅक्शन कंट्रोल असताना लॉकर कशाला, तर ट्रॅक्शन कंट्रोल फुकट फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवतो आणि चांगला असला तर बऱ्याच ठिकाणी निभावूनही नेतो, पण त्याला आधी चाक घसरावं लागतं, आणि लांबच्या चढावर तेच तेच करून ब्रेक तापतात. दगडात चाक घसरायच्या आत पकड हवी असते.

आणि चांगली स्पेशल एडिशन निघतच नाही असं अजिबात नाही. जीपच्या रँग्लरची रुबिकॉन घ्या, २००३ च्या मॉडेलपासून आली, कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलचं नाव दिलं आणि नावाला शोभेल असं काम खाली केलं: पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर, आणि लो रेंज, म्हणजे गाडी अगदी हळू पण ताकदीने चालवणारा खालचा गिअर, ४:१, जिथे साध्या रँग्लरला ती २.७२ होती, म्हणजे उतारावर गाडी कशी मुंगीसारखी उतरते ते चालवल्याशिवाय कळायचं नाही. २०२१ ला परत आलेल्या फोर्ड ब्रॉन्कोचं सॅस्क्वॉच पॅकेज बघा, ३५ इंची टायर, १७ इंची रिम, दोन्हीकडे लॉकर. यातलं बरंचसं फोटोत उठून दिसत नाही, पण पैसे तिथे गेलेत.

रिमचा विषय निघालाच आहे तर, या स्पेशल एडिशनांना मोठी रिम देतात त्याचा मला फार त्रास होतो. रिम मोठी म्हणजे टायरची भिंत बारीक. दगडात नाहीतर वाळूत जाताना आम्ही हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवतो, टायर पसरतो, पकड वाढते, पण भिंतच दोन बोटांची असेल तर उतरवणार काय, पहिल्याच धारदार दगडावर रिम चेपते. शिवाय बंपरवर लाल रंगाचा हूक दिसला की लोकांना वाटतं हा ओढायचा, तो चासीला घट्ट बोल्ट केलेला आहे का नुसता शोभेचा हे कोणी सांगतच नाही. हूक, नाहीतर ट्रेलरचा बॉल, गाडी ओढायच्या पट्ट्याच्या ताणाने तुटला तर गोळीसारखा सुटतो, माणसं मेली आहेत याने.

रंग आवडून गाडी घेणाऱ्यांना माझं काही म्हणणं नाही, मलाही चांगला रंग आवडतो. पण दारावर ऑफरोड एडिशन लिहिलं की नवीन माणूस त्यावर विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासावर गाडी घळीत घालतो. आमच्या त्या मित्राने तेच केलं, त्यात त्याचं काय चुकलं?

म्हणून विनंती एवढीच आहे, पुढच्या वेळी अशा गाडीवर लिहाल तेव्हा तुमच्या प्रतिनिधीला एकदा गाडीखाली झोपायला सांगा. पुढचा, मागचा आणि पोटाचा अँगल किती, म्हणजे बंपर किंवा पोट न घासता गाडी किती उभ्या चढावर नि उंचवट्यावर जाते, लो रेंज किती, लॉकर कुठे, संरक्षक प्लेट पत्र्याची की चंदेरी रंग दिलेल्या प्लास्टिकची, स्टेपनी बाकीच्या चार टायरांच्याच मापाची आहे का, आणि पाण्यात किती खोल जाते, एवढं एका चौकटीत मावतं. आणि जमलंच तर एक फोटो खालून काढलेला छापा, आम्ही तोच आधी बघू.

आपला,
एक नियमित वाचक