बाळ्या, दादाला एकदा फोन कर

प्रिय बाळ्या,

इकडे सगळे बरे, आईची शुगर वरखाली होते, ते चालायचंच. हे फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच हसत सुटतोस आणि मूळ विषय राहतो म्हणून लिहितोय.

आपली वरळीची बीडीडी चाळ पाडून बांधलेल्या टॉवरच्या, ऑगस्ट 2025मधल्या त्या पहिल्या 556 चाव्यांमध्ये आपलीपण एक होती हे तुला ग्रुपवर कळलंच असेल. 160 फुटांवरून डायरेक्ट 500, टू बीएचके, चाळीस मजली टॉवर, संडास घरात. सकाळी डबा घेऊन पॅसेजच्या टोकाला लाईन लावणं संपलं. आणि आता ऐक, दादा आणि मी बोलत नाही. कशावरून, तर मास्टर बेडरूमवरून. हस लेका.

दादा म्हणतो मी मोठा, बदलापूरचं भाड्याने देतो आणि परत येतो, बाथरूमवाली खोली माझी. आमच्या हिचं म्हणणं, इतकी वर्षं सासूबाईंचं आम्ही केलं, हे गणपतीला येऊन मोदक खाऊन जाणार आणि मास्टर यांची? दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, तोच वांधा आहे. वरून दादा परवा म्हणाला, 'रूम बाबांची होती, अर्धी माझी.' वरळीत रूम म्हटलं की अख्खं घर, मोरी आणि पोटमाळ्यासकट, हे तुला माहितीय. तेव्हा अर्धी म्हणजे कुठून कुठे हा प्रश्नच नव्हता रे. आठ जण झोपायचो, नववा तू, पाय कपाटाखाली घालून, आणि उन्हाळ्यात निम्मे पॅसेजमध्ये. आता भिंती आल्यात ना, मोजता येतं.

त्यात पोरीला शाळेतून होमवर्क, रूमचे सिनॉनिम लिहून आणा. चेंबर, हॉल, पार्लर, अपार्टमेंट, क्वार्टर्स. मी म्हटलं, हॉल म्हणजे आपला टीव्हीचा ना? तर म्हणे नाही पप्पा, हॉल म्हणजे लग्नाचा असतो तसा मोठा, टीव्हीवाली ती लिव्हिंग रूम. आई शेजारी तांदूळ निवडत होती, तिने स्वतःची लिस्ट सुरू केली: ओटी, पडवी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली. आणि हेच तर कारण निघालं! मी रोज सांगतो आतल्या बेडरूममध्ये झोप, ती हॉलमध्येच चटई टाकते. म्हणते, आतल्या अंधाऱ्या खोलीत बाळंतीण निजते, मी कशाला जाऊ? म्हणजे जिच्या नावावर घर आहे तिला एकही बेडरूम नकोय, आणि आम्ही दोघं भांडतोय.

पोरीच्या डिक्शनरीत दोन मजेशीर गोष्टी मिळाल्या. जुन्या इंग्रजीत रूम म्हणजे नुसती मोकळी जागा, चार भिंतींची खोली हा अर्थ खूप नंतर चिकटला. आणि दुसरी तर तुझ्या आप्पांना सांगायला हवी होती. कॉम्रेड हा शब्द खोलीवरून आलाय! स्पॅनिशमध्ये कामारादा म्हणजे एका खोलीत राहणारा सोबती. चेंबर, कॅमेरा, आपला हिंदीतला कमरा, सगळी एकाच मुळाची भावंडं. म्हणजे गावमंडळाच्या, एका गावच्या गिरणी कामगारांच्या, त्या खोलीत पहिल्या पाळीवाला उठला की त्याच्याच वळकटीवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा, ते सगळे खरे कॉम्रेड, लाल बावटा असो नसो. 82च्या गिरणी संपात आप्पा आणि बाबा संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्यावरून दोन महिने बोलत नव्हते, तरी आमटीची वाटी इकडून तिकडे जायचीच. (तुझी-माझी कॅरमच्या राणीची भानगड अजून मिटलेली नाही. ती तूच ढापलीस.)

पण खरी भीती बेडरूमची नाही. दादाने वकिलाला विचारलंय, असं वहिनीच्या तोंडून निसटलं. आई आहे तोवर कोण काही करणार नाही, पण नंतर? मी घर विकणार नाही, तोही विकणार नाही, मग एक जण राहणार आणि दुसरा आयुष्यभर ऐकवणार. रात्री बाराव्या मजल्यावरून जांबोरी मैदान दिसतं, छान दिसतं, झोप मात्र लागत नाही.

तुझं काय, नाशिकच्या जागेचं लोन झालं का, चिन्याचा रिझल्ट काय, वहिनींची बदली थांबली का? नीट लिही, अंगठे पाठवू नकोस.

तर काम एवढंच. दादा माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो, लहानपणापासून. रविवारी तीननंतर कर, जेवणाआधी तो कुणाचंच ऐकत नाही. आईच्या तब्येतीवरून सुरू कर, वकिलाचं तोंडातून काढू नकोस, आणि मी लिहिलंय हे तर अजिबातच नाही. वाटल्यास मास्टर तू घे म्हणावं त्याला, फक्त कागदावर काय ते आई आहे तोवर तिघांनी बसून लिहू. हिला मी समजावतो, कसं ते अजून ठरलं नाही.

तुझा,
पक्या