अबॅकसवर पॉइंट कुठाय?

संपादक साहेब, नमस्कार.

अबॅकसचा विषय निघाला की सगळे स्पीडचंच बोलतात, मिनिटात किती गणितं सोडवली वगैरे, पण दशांश अपूर्णांकांचं कुणी नावच काढत नाही म्हणून हे लिहितोय. माझी नात तीन आकडी बेरजा मण्यांवर फटाफट करते आणि परवा वहीत ०.५ अधिक ०.२५ बरोबर ०.३० लिहून बसली, म्हणजे ५ नि २५ मिळून ३०, पॉइंट आपला शोभेला! म्हटलं अबॅकस घे, तर मलाच विचारते, आजोबा यावर पॉइंट कुठाय?

प्रश्न बरोबरच आहे. पॉइंट त्यावर नसतोच, तो आपण ठरवायचा. जपानी पद्धतीच्या अबॅकसला (प्रत्येक दांडीवर वर ५ चा १ मणी, खाली १-१ चे ४) मधल्या पट्टीवर दर तिसऱ्या दांडीला ठिपका असतो, त्यातली एक ठिपक्याची दांडी एकक धरायची, मग तिच्या उजवीकडची पहिली दशांशची, दुसरी शतांशची. आता ०.५ म्हणजे दशांशच्या दांडीवर वरचा मणी खाली, ०.२५ मधले २ त्याच दांडीवर आणि ५ शेजारच्या, झाले ०.७५. इथे ५ नि २५ एकत्र करायला जागाच नाही.

हातच्याचंही तेच. ३.७५ मांडा नि २.४८ मिळवा, डावीकडून. एककात ३ चे ५ झाले, दशांशात ७ मध्ये ४ मावत नाहीत म्हणून ६ काढून एककाला १ दिला (१० दिले, ६ काढले, म्हणजे ४ च मिळवले), शतांशात ५ मध्ये ८ मावत नाहीत म्हणून २ काढून दशांशाला १, आलं ६.२३. हातचा पॉइंट ओलांडून गेला पण बोटांना काही वेगळं करावं लागलं नाही, पूर्णांकांची बेरीज येणाऱ्या पोराला नवीन काहीच शिकायचं नाहीये!

आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे २.५ आणि २.५० अबॅकसवर अगदी सारखे दिसतात, शेवटचं शून्य म्हणजे नुसती रिकामी दांडी. हे वहीवर समजावताना माझा घसा बसला होता.

तेव्हा क्लासवाल्यांनो, स्पीडच्या आधी एकक कुठल्या ठिपक्यावर धरलाय एवढं पोरांना रोज विचारा. आणि ज्यांच्या अबॅकसला ठिपकेच नाहीत त्यांनी पट्टीवर पेनाने काढावेत, आम्ही तेच केलंय.

– एक आजोबा