बवांद्रा भारतीय वंशाचे नव्हते!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुधवारच्या अंकातला फिजीचे पंतप्रधान राम्बुका यांच्यावरचा लेख वाचला. ‘१९८७ साली लष्कराने भारतीय वंशाच्या पंतप्रधानांना हटवले’ या वाक्यापाशी थांबलो, चष्मा पुसून पुन्हा वाचले. तेच होते. कालपासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

१९८७ साली हटवले ते डॉ. बवांद्रा. ते भारतीय वंशाचे नव्हते, तिथलेच, मूळ फिजीयन होते. त्यांच्या आघाडीच्या २८ खासदारांपैकी १९ भारतीय वंशाचे होते, हे ज्यांना सहन झाले नाही त्यांनी बवांद्रांना महिनाभरात घालवले. १४ मे रोजी तेव्हा लेफ्टनंट कर्नल असलेल्या राम्बुकांनी सैनिकांकरवी संसद ताब्यात घेतली. १८७९ साली पहिल्या गिरमिटियांना, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांना, घेऊन ‘लिओनिदास’ जहाज फिजीला लागले, तीही १४ मेच.

भारतीय वंशाचे पंतप्रधान म्हणजे महेंद्र चौधरी. त्यांना २००० साली जॉर्ज स्पाइट या बंडखोराने बंदुकीच्या जोरावर ओलीस धरले. दोन वेगळ्या घटना तुमच्याकडे एक झाल्या.

मी तेव्हा फिजीच्या राजधानीत, सुवात होतो, बँकेने तीन वर्षांसाठी पाठवले होते. १९ मे, शुक्रवार. चौधरींना पंतप्रधान होऊन त्याच दिवशी वर्ष झाले होते. सकाळी शहरात मोर्चा निघाला, थोड्या वेळाने संसद ताब्यात घेतल्याची बातमी आली, आणि दुपारी भारतीयांची दुकाने फुटू लागली. आमच्या कॅशियरने रोकड मोजली, तिजोरीत ठेवली, सही केली आणि मगच माझ्याबरोबर शटर ओढायला आला. समोरच्या दुकानातून माणसे कापडाचे तागे खांद्यावर टाकून निघाली होती. मालक फूटपाथवर उभा राहून बघत होता, ओरडतसुद्धा नव्हता. शटर अर्धे खाली आल्यावर कॅशियर मला म्हणाला, ‘तुम तो चल जाएगा, हम लोग कहाँ जाएगा?’ फिजीत जन्मलेली त्याची ही चौथी पिढी. मला उत्तर देता आले नाही. आज तो ऑकलंडला असतो.

चौधरी ५६ दिवस ओलीस होते. आत असतानाच, २७ मे रोजी, राष्ट्राध्यक्षांनी त्यांना पदावरून काढले, कारण काय तर ते कारभार पाहू शकत नाहीत. संसद तहकूब करण्याचा सल्ला द्यायला पंतप्रधान लागतो, म्हणून चौधरींच्याच मंत्रिमंडळातल्या मोमोएन्दोनू यांना काही मिनिटांपुरते पंतप्रधान नेमले. पुढच्या वर्षी न्यायालयाने १९९७ची राज्यघटना अजून लागू असल्याचा निकाल दिला, तरी चौधरींना ती खुर्ची परत मिळाली नाही.

लेखात राम्बुकांनी १९८७च्या बंडाबद्दल २०२३ साली मागितलेली माफी सविस्तर आहे. ती मला मोलाची वाटते. पण कोणाला आणि कशासाठी हटवले होते हेच चुकले, तर वाचकाला माफी कशाची ते कसे कळणार? बवांद्रा तर १९८९ सालीच गेले. आणखी एक गोष्ट लेखात हवी होती, ती राम्बुकांच्या बाजूची आहे. १९९०च्या राज्यघटनेने पंतप्रधानपद मूळ फिजीयनांसाठीच राखून ठेवले होते. ती अट १९९७च्या घटनेत निघाली, तेव्हा पंतप्रधान राम्बुकाच होते. त्यामुळेच चौधरी होऊ शकले.

जाता जाता उच्चारांबद्दल. फिजीयन भाषेत ‘द’च्या आधी ‘न’ आणि ‘ब’च्या आधी ‘म’ उच्चारतात. जिथे आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे त्या गावाला तिथे सगळे ‘नांदी’ म्हणतात, तुम्ही ‘नाडी’ छापले आहे. तसेच राबुका नव्हे, राम्बुका.

दुरुस्ती त्याच पानावर छापावी, ही विनंती. कॅशियरला मराठी येत नाही, फोनवर मी त्याला वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)